रोनाल्डो, बेलवलकर आणि माझ्या वहीतला रिकामा रकाना

मागच्या लेखाखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं की तू पीएचडीत नेमकं करतेस काय, ते एकदा साध्या मराठीत सांग. सांगते. पण त्यासाठी आमच्या ओसरीवरून सुरुवात करावी लागेल.

१० डिसेंबर २०२२ ची रात्र. मंगरूळपीर तालुक्यातलं आमचं गाव. मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला, त्यावर जिओसिनेमा, आणि त्यात विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना, मोरोक्को विरुद्ध पोर्तुगाल. बघणारे तिघं: चुलतभाऊ, मी आणि मोठे बाबा. मोठ्या बाबांनी आयुष्यात फुटबॉलचा एकही सामना पूर्ण पाहिलेला नव्हता. ते बसले होते कारण रात्री बाराला शेतावरची लाईन येणार होती, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं आणि तोवर झोपून चालणार नव्हतं.

पोर्तुगाल ०-१ असं हरलं. क्रिस्तियानो रोनाल्डोला सुरुवातीला बाकावरच बसवलं होतं. ५१व्या मिनिटाला तो मैदानात आला, पण काही घडलं नाही. शिट्टी वाजल्यावर तो रडत रडत एकटाच आत निघून गेला. मोठ्या बाबांनी विचारलं, "कोन हाय हा? काहून रडून रायला?" भावानं सांगितलं: जगातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून पाच वेळा बॅलन डी'ओर मिळालेला माणूस आहे, आता ३७ वर्षांचा झालाय, मागच्या सामन्यात याला बसवून एका २१ वर्षांच्या पोराला खेळवलं आणि त्या पोरानं तीन गोल मारले.

मोठे बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे हा तं बेलवलकर झाला ना रे. घर ह्याचंच, अन् हाच बाहीर."

तरुणपणी ते गावातल्या गणपतीच्या नाटकांत कामं करायचे. 'नटसम्राट' त्यांनी वाचनालयातल्या पुस्तकावरून पाठ केलं होतं. डॉ. लागूंना रंगमंचावर त्यांनी कधीच पाहिलं नाही. त्यांच्यासाठी गणपतराव बेलवलकर म्हणजे ते पुस्तक, आणि गावच्या मांडवात चादरीच्या पडद्यापुढे ते स्वतः.

ते वाक्य मी रात्रीच वहीत उतरवलं. त्याच्यापुढच्या रकान्यात एक शब्द लिहायचा होता, आणि तो मला लिहिता आला नाही.

आता काम काय ते. मी एम.एस्सी. संगणकशास्त्र केलं आणि सध्या भावनाविश्लेषणावर काम करते. एखादं वाक्य दिलं की बोलणारा कौतुक करतोय, नावं ठेवतोय की नुसतंच सांगतोय, हे संगणकाला ओळखता यायला हवं. त्यासाठी आधी माणसांनी हजारो वाक्यांना शिक्के मारून द्यावे लागतात: सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ. मराठीसाठी असं काम झालेलं आहे. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्वीट असे शिक्के मारून सर्वांसाठी खुले केले. माझ्यासारख्यांची त्यामुळे फार मोठी सोय झाली.

शिक्के मारणारी माणसं आपसांत किती सहमत आहेत हेही तपासावं लागतं. नुसती टक्केवारी फसवी असते. दोघांनी नाणी उडवून शिक्के मारले तरी निम्म्या वेळा ते सहमत दिसतील. म्हणून योगायोगाने होणारी सहमती वजा करून उरते ती मोजायची. याला कोहेनचा कप्पा म्हणतात, १९६० पासून वापरात आहे. आमच्या घरी कप्पा काढायची गरजच पडली नाही. भाऊ म्हणाला, "नकारात्मक. म्हातारा झाला, बाहेर काढला, यात कौतुक कुठलं?" मोठे बाबा म्हणाले, "अरे, बेलवलकर म्हनलं मी त्याले. ह्याच्याहून मोठं काय म्हनू?"

इथेच माझा संशोधनविषय सुरू होतो.

दहावीचं मराठी व्याकरण आठवतंय? उपमेचे चार भाग: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्य दाखवणारा शब्द. 'मुख चंद्रासारखं सुंदर' यात 'सुंदर' हा साधारण धर्म. चाहते नेमकं तेच गाळतात. 'रोनाल्डो बेलवलकरासारखा अमुक आहे' असं कुणी म्हणत नाही, नुसतं 'हा बेलवलकर आहे' म्हणतात आणि पुढच्यानं काय ते समजून घ्यायचं. (शास्त्राप्रमाणे ती मग उपमा न राहता रूपक होते, पण त्या वादात आज नको.) गाळलेला साधारण धर्म शोधून काढणं हे ऐकणाऱ्याचं काम. माणूस ते क्षणात करतो. संगणक 'रडणं', 'बाहीर', 'म्हातारा' हे शब्द पाहतो आणि नकारात्मकचा शिक्का मारून मोकळा होतो.

माणूस ते कसं करतो याचं एक चांगलं उत्तर डेड्रे गेंटनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये मांडलं. त्यांचं लाडकं उदाहरण म्हणजे 'अणू सूर्यमालेसारखा असतो'. हे ऐकून कुणी अणूचं केंद्रक पिवळं आणि तापलेलं असतं असं समजत नाही. सूर्याचे गुण मागेच राहतात. इकडे येतात ते संबंध: मधे जड काहीतरी, त्याच्याभोवती हलकं काहीतरी फिरतंय, कारण दोघांत ओढ आहे. आणि एकमेकांत गुंतलेल्या संबंधांची साखळी असेल तर ती सगळीच्या सगळी येते. सुट्या गुणांपेक्षा अशा साखळीला मन जास्त भाव देतं.

आता ओसरीवर परत या. बेलवलकरांचा आवाज, त्यांचं वय, त्यांची दारू, यातलं काहीच रोनाल्डोकडे गेलं नाही. गेली ती साखळी: एकाने सगळं उभं केलं, ज्यांच्यासाठी केलं ते त्याच्यावर मोठे झाले, आणि त्यांनाच आता तो घरात अडचण वाटू लागला. शिरवाडकरांनी १९७० मध्ये शेक्सपिअरच्या राजा लिअरचा धागा घेऊन ती मराठी घरात आणली. मोठ्या बाबांनी ती तिथून उचलून कतारमध्ये नेऊन ठेवली. फुटबॉलचा एक नियम माहीत नसलेल्या माणसाला त्या बाकाचा अर्थ आम्हा दोघांपेक्षा आधी लागला, तो या साखळीमुळे.

तरी ही तुलना मला एका ठिकाणी पटत नाही, आणि ते मी त्यांना बोललेही. बेलवलकर स्वतःच्या हाताने सगळं मुलांना वाटून टाकतात. त्यांची शोकांतिका तिथून सुरू होते. रोनाल्डोने काय वाटलं? त्याला तर काहीच सोडायचं नव्हतं. मोठे बाबा म्हणाले, "मंग बेलवलकराले तरी कुठी सोडाचं होतं? पैसा सोडला. टाळ्या सोडल्या का त्यानं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चांगली तुलना अशी मूळ नाटकाकडेही परत बघायला लावते. गेंटनरबाईंच्या आकृतीतला बाण मात्र एकाच दिशेला जातो.

त्या रात्रीनंतर मी अशा तुलना गोळा करायला लागले. घरात, कॉलेजच्या कँटीनमध्ये, वाशिमच्या बसस्टँडवर. सगळ्यात चपखल वाटते ती मारादोनाची. 'मारादोना म्हणजे एकच प्याला' हे मी एका निवृत्त शिक्षकांकडून ऐकलं आणि दोन दिवस डोक्यातून जाईना. गडकऱ्यांचा सुधाकर हा हुशार, तेजस्वी वकील. भर कोर्टात अपमान होतो, सनद काही काळासाठी रद्द होते, त्या रिकाम्या दिवसांत पहिला पेला येतो आणि मग सुटत नाही. आता मारादोना. २२ जून १९८६ ला इंग्लंडविरुद्ध चार मिनिटांत दोन गोल. एक हाताने मारलेला, आणि दुसरा निम्मं मैदान एकट्याने कापून मारलेला, जो शतकातला सर्वोत्तम गोल म्हणून आजही दाखवतात. १९९१ मध्ये कोकेनमुळे पंधरा महिन्यांची बंदी. १९९४ च्या विश्वचषकात परत आला, गोल केला, आणि उत्तेजक सापडलं म्हणून स्पर्धेच्या मध्यातूनच घरी. गुणी माणूस, बंदी, व्यसन, सुधारण्याचा प्रयत्न, परत पडणं. साखळीतली एकेक कडी जुळते. शिवाय दोन्हीकडे प्रेक्षक त्याच्यावर रागावतो, पण त्याला सोडत नाही. सुधाकर वाईट आहे म्हणून कुणी 'एकच प्याला' बघायचं टाकलं नाही.

दुसरी एक साखळी मराठी मनात फारच खोल बसलेली आहे. मार्च १९११ मध्ये 'मानापमान'चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली आणि तरी ते रंगमंचावर उभे राहिले, अशी आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १९९९ मध्ये सचिन वडिलांचे अंत्यसंस्कार करून इंग्लंडला परतला आणि केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा काढल्या, तेव्हा कित्येक घरांत जुन्या माणसांनी बालगंधर्वांचं नाव काढलं. आमच्याही घरात. पुढे भावाला कळलं की रोनाल्डोचे वडील ६ सप्टेंबर २००५ ला गेले आणि दुसऱ्याच दिवशी तो पोर्तुगालकडून रशियाविरुद्ध खेळला, तेव्हा त्याला सचिन आठवला. भावाच्या तुलनेतलं उपमान सचिन, आणि सचिनमागे उभे असलेले बालगंधर्व त्याला ठाऊकही नाहीत. साखळी तीच, फक्त जुनं टोक दिसेनासं झालं. असं किती ठिकाणी झालं असेल हे शोधणं मला माझ्या मूळ विषयापेक्षा जास्त आवडतं, पण मार्गदर्शकांना हे सांगू नका.

आता एक गोष्ट, जी मला स्वतःला वही चाळताना दिसली.

नाटकाचं नाव घेऊन आपण खेळाडूला शिव्याही देतो. २०१८ च्या विश्वचषकात नेमार जरा धक्का लागला की गडबडा लोळायचा. आमचा सगळा गट ओरडायचा, "नाटकं करतो नुसती!" कुणी म्हणायचं सोंग, कुणी नौटंकी. फुटबॉलच्या नियमांतही पंचाला फसवायला लागल्याचा आव आणला तर पिवळं कार्ड आहे. म्हणजे एकाच रंगभूमीवरून स्तुतीही येते आणि शिवीही. मग संगणकाने ओळखायचं कसं?

वहीतली वाक्यं शेजारी शेजारी लावली तर असं दिसतं: स्तुती करताना आपण विशेषनाम घेतो, शिवी देताना सामान्यनाम. 'हा बेलवलकर आहे' ही स्तुती, 'हा नट आहे' ही शिवी. 'बालगंधर्वच!' ही स्तुती, 'नाटकी' ही शिवी. सुधाकर म्हटलं की त्यात माया असते, तमाशा म्हटलं की ती राहत नाही. (तमाशासारख्या कलेवर हा अन्यायच आहे, पण भाषा असे अन्याय करते.) 'काय नाटक आहे राव' यात अजून कौतुकाला जागा आहे, 'नाटकं' असं अनेकवचन झालं की संपलं.

कारण माझ्या मते सरळ आहे. सामान्यनामाबरोबर येतो तो एकच गुण: खोटेपणा, आव आणणं. विशेषनामाबरोबर पूर्ण साखळी येते. बेलवलकर म्हटल्यावर तो अभिनय करतो हा भाग मागे पडतो आणि त्याच्यावर काय गुजरलं ते पुढे येतं. गुण नेला की शिवी होते, गोष्ट नेली की स्तुती.

हा नियम म्हणून मी कुठे छापलेला नाही, छापण्याआधी पुष्कळ वाक्यं तपासावी लागतील. आणि अपवाद समोरच बसलाय: 'रंगणे'. सामना रंगला, नाटक रंगलं, मैफल रंगली, कुस्ती रंगली. विशेषनाम नाही, गोष्ट नाही, तरी निखळ कौतुक. माझ्याकडे याला सध्या एवढंच उत्तर आहे की 'रंगला' हा शब्द आपण खेळाडूला लावत नाही. तो दोन्ही बाजू आणि बघणारे धरून सगळ्या मांडवाला लावतो.

बघणाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर थोडं मागे जाऊ. 'नाट्यशास्त्रा'च्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोग यशस्वी झाला हे कशावरून ओळखायचं, ते सांगितलंय. म्हणजे दोन हजार वर्षांच्या आसपासचं भावनाविश्लेषणच. प्रेक्षकांचे प्रतिसाद चक्क वर्गवारी करून दिलेत. तोंडाने येणारे: स्मित, अर्धं हसू, मोठ्याने हसणं, वाहवा, 'अहो', हळहळ, मोठा गलका. शरीराने येणारे: अंगावर काटा, जागेवरून उठून उभं राहणं, अंगावरची वस्त्रं फेकणं. गोल झाल्यावर अंगातली जर्सी काढून भिरकावणारा पोरगा भरताच्या यादीत बसतो. आणि यात हळहळसुद्धा यशाच्याच खात्यात जमा आहे. मोठ्या बाबांच्या वाक्याला नकारात्मक म्हणणारा माझा संगणक भरतमुनींच्या परीक्षेत नापास झाला असता. या सगळ्याच्या वर एक दैवी सिद्धी मानली आहे: रंगमंडप भरलेला, आणि आवाज नाही, गडबड नाही.

त्याच अध्यायात नाटकाचे परीक्षक कोण असावेत याची यादी आहे. व्याकरण जाणणारा, छंद जाणणारा, चित्रकार, गायक, आणि त्यात एक धनुर्धारी. तो नटाची उभं राहण्याची ढब तपासणार. खेळ आणि नाटक यांच्यात आपण जी भिंत समजतो ती तेव्हा एवढी जाड नसावी.

तशी ती आजही सगळीकडे नाही. महाराष्ट्राचं फुटबॉलचं गाव कोल्हापूर. तिथल्या संघांची नावं बघा: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. तालीम म्हणजे पैलवानांचा आखाडा, आणि नाटकवाल्यांची तालीमही तीच. शाहू महाराजांनी उभं केलेलं खासबाग कुस्ती मैदान आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं केशवराव भोसले नाट्यगृह एकमेकांना लागून आहेत. ८ ऑगस्ट २०२४ ला त्या नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

केशवरावांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेही मोठ्या बाबांकडूनच, १८ डिसेंबर २०२२ ला, अंतिम सामन्याच्या रात्री. या वेळी ते लाईनची वाट बघत नव्हते, सामना बघायलाच बसले होते. अर्जेंटिना २-० ने पुढे, मग ८०व्या आणि ८१व्या मिनिटाला एम्बापेचे दोन गोल, जादा वेळेत मेस्सीचा एक, परत एम्बापेचा एक, ३-३, आणि शेवटी पेनल्टीवर अर्जेंटिना ४-२. मेस्सी पहिली पेनल्टी मारायला निघाला तेव्हा आमच्या ओसरीवर ती दैवी सिद्धी झाली होती. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता.

भावानं त्यांना सगळा इतिहास सांगितला: घरचेच लोक मेस्सीला 'हा आपला नाही, बार्सिलोनाचा' म्हणून हिणवायचे, २०१४ चा अंतिम सामना हरला, २०१६ मध्ये कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकली आणि आता देशासाठी खेळणार नाही म्हणाला, मग परत आला. मी विचारलं, "मोठे बाबा, हा कोण मग?" ते लगेच म्हणाले, "हा धैर्यधर. आधी अपमान, मंग मान. अर्जेंटिना त्याची भामिनी." खाडिलकरांच्या नाटकात भामिनी गरीब म्हणून धैर्यधराला झिडकारते आणि मग त्याची योग्यता कळल्यावर त्याचीच होते. मला याहून चांगलं उत्तर आजवर सापडलेलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "हे दोघं, हा अन् तो रडनारा, कदी एका बाजूनं खेयले का?"

भाऊ म्हणाला, "नाही. कायम एकमेकांच्या विरुद्धच."

"आपल्याकडं खेयले होते," मोठे बाबा म्हणाले. ८ जुलै १९२१. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन कंपन्यांचे दोन मालक, ज्यांच्या चाहत्यांत गट पडलेले होते, ते टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर आले. संयुक्त 'मानापमान'. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. एकतीस वर्षांचे होते.

भाऊ ऐकता ऐकता मोबाईलवर केशवरावांचा फोटो शोधत होता. मोठे बाबा बॅटरी घेऊन मोटर चालू करायला निघाले. मी वही उघडली. आठ दिवसांपूर्वीच्या वाक्यापुढचा रकाना रिकामाच होता. एका वाक्याला एकच शिक्का हा आमचा नियम. मी रकान्याच्या मधोमध उभी रेघ मारली आणि दोन्ही शिक्के लिहिले. मार्गदर्शकांनी अजून ते पान पाहिलेलं नाही.